वजन सारखे, घराणे वेगळे
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात बोरीवली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक संमेलनात व्याख्यान देण्याची कामगिरी कार्यकारी मंडळाने यंदा आमच्यावर सोपविली, तेव्हा विषयाची चिंता आमच्यापेक्षा चिटणिसांनाच अधिक लागून राहिली होती. गतवर्षीच्या वक्त्यांनी आयकर सांगितला, त्यापूर्वीच्यांनी मधुमेह सांगितला. हे दोन्ही विषय आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचे. आम्ही जेव्हा ‘शनीच्या चंद्रावरील वायूंची ओळख’ असा विषय कळविला, तेव्हा चिटणिसांनी दूरध्वनीवरून विचारले, की यात आपल्या मंडळींना घेण्यासारखे काय आहे? प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर व्याख्यानातच देऊ, असे सांगून आम्ही वेळ मारून नेली, आणि आज ती वेळ येऊन ठेपली आहे. भोजनाची पाने मांडली जाईपर्यंतचा अवधी आमचा आहे. तो आम्ही ओलांडणार नाही.

थंडीच्या दिवसांत सकाळी कान्हेरीच्या डोंगरावर चढून पश्चिमेकडे दृष्टी टाकली, तर बोरीवलीच्या इमारतींवर तांबूस-करड्या रंगाचा एक पडदा पसरलेला दिसतो. आपल्यापैकी जे उद्यानात नित्य फिरावयास जातात, त्यांना तो परिचित आहे. त्यात धूळ असते, काजळी असते, समुद्राचे मीठ असते. परंतु त्याचा काही अंश असा असतो, की जो कोणत्याही धुराड्यातून तसाच्या तसा बाहेर पडलेला नसतो. तो हवेतल्या हवेत, सूर्यप्रकाशात, वायूंपासून घडलेला असतो. शनीच्या टायटन नावाच्या चंद्राभोवतीही असाच एक नारिंगी पडदा आहे. तेथे तो सबंध चंद्राला वेढून बसला आहे, आणि तेथे एकही मोटार नाही. हा पडदा कशाचा बनतो, आणि मुख्य म्हणजे तो कशाचा आहे हे ओळखावयाचे कसे, एवढाच आमचा आजचा विषय होय.

टायटन हा शनीचा सर्वांत मोठा चंद्र. त्याचा व्यास ५,१५० किलोमीटर, म्हणजे बुध ग्रहाहूनही तो थोडा मोठा. हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्स याने २५ मार्च १६५५ रोजी तो दुर्बिणीतून प्रथम पाहिला. शिवछत्रपतींनी जावळी घेतली ती त्याच्या पुढच्याच वर्षी. त्यानंतर जवळजवळ तीन शतके तो केवळ एक प्रकाशबिंदू होता. १९४४ साली जेरार्ड कायपर यांनी त्याच्या प्रकाशाचे पृथक्करण करून तेथे मिथेन वायू असल्याचे दाखविले, आणि चंद्रालाही वातावरण असू शकते हे जगास कळले. ते वातावरण बहुतांशी नायट्रोजनाचे. खालच्या थरांत शेकडा सुमारे पाच भाग मिथेन. दाब आपल्या हवेच्या दीडपट. आणि पृष्ठभागाचे तपमान शून्याखाली १७९ अंश. मिथेन म्हणजे आपल्या गोबरगॅसमधला जळणारा वायू. पाइपातून आपल्या स्वयंपाकघरांत येणारा वायूही मुख्यत्वे तोच.

या मिथेनावर सूर्याचे जंबुपार किरण पडतात. त्याच्या रेणूत एक कार्बन आणि चार हायड्रोजन यांचा सुखाचा संसार चाललेला असतो. किरणाच्या आघाताने त्यातील एक, दोन किंवा तीन हायड्रोजन उडून जातात आणि उरतो तो तुकडा, ज्यास रसायनशास्त्रात मुक्तमूलक म्हणतात. इलेक्ट्रॉनांना जोडीने राहण्याची आवड. मुक्तमूलकात निदान एक इलेक्ट्रॉन जोडीवाचून राहिलेला असतो. आपल्या स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर ज्यांची यादी छापली जाते, त्या उपवरांची उपमा येथे देण्याचा मोह आम्हांस होतो. मात्र मुक्तमूलक पत्रिका पाहत बसत नाही, जो रेणू प्रथम भेटेल त्याच्याशी तो संबंध जोडतो. आपल्या पृथ्वीवर अशा वेळी प्राणवायू मध्ये पडतो आणि प्रकरण हळूहळू कार्बन डायऑक्साइड व पाणी यांवर मिटते. टायटनवर मोकळा प्राणवायू नाही. त्यामुळे तेथे कार्बनाला कार्बन जोडला जातो, दोनाचे तीन, तीनाचे सहा होतात, साखळ्या बनतात, कड्या बनतात, आणि अखेरीस त्यांचे इतके मोठे पुंजके होतात, की ते वायुरूप न राहता नारिंगी कणांच्या रूपाने खाली उतरू लागतात.

या साखळीतल्या प्रत्येक पायरीवर नेमका कोणता पदार्थ निर्माण झाला, हे ठाऊक असणे किती अगत्याचे आहे, याचे एक उदाहरण सांगतो. नोव्हेंबर १९८० मध्ये व्हॉयेजर-१ हे यान टायटनजवळून गेले. त्याने पाठविलेल्या माहितीवरून शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की मिथेन फुटून त्याचा बहुतेक भाग इथेन होत असला पाहिजे, आणि इथेन त्या थंडीत द्रव असल्यामुळे कोट्यवधी वर्षांच्या पावसाने सबंध टायटनवर त्याचा महासागर साचला असला पाहिजे. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्या महासागराची खोली सुमारे एक किलोमीटर सांगितली होती. १४ जानेवारी २००५ रोजी युरोपीय संस्थेचे हायगेन्स यान छत्रीच्या आधाराने टायटनवर उतरले. ते समुद्रात पडल्यास तरंगावे, अशीही शक्यता ध्यानात घेतलेली होती. ते उतरले ओलसर वाळूवर, बर्फाच्या गोट्यांमध्ये. त्याच सुमारास कॅसिनी यानाच्या रडारला विषुववृत्तापाशी लांबच लांब वाळूच्या टेकड्या दिसल्या, ती वाळू बहुधा कार्बनी पदार्थांची. आणि पुढे ध्रुवांकडे सरोवरे व समुद्र सापडले, पैकी लायजिया नावाच्या समुद्रात मुख्यतः मिथेन आहे. जगभर पसरलेला इथेनाचा महासागर मात्र नव्हता. हिशेब करणारे विद्वान होते, गणितात त्यांची चूक नव्हती. पण कोणत्या क्रियेतून किती आणि कोणता पदार्थ निघतो, याचे प्रयोगसिद्ध आकडे तेव्हा अपुरे होते, आणि अनेक ठिकाणी ते अंदाजानेच घालावे लागत. महासागर का नाही, याची इतर कारणेही सांगितली जातात. तथापि वहीच्या जमेच्या बाजूला नावे चुकीची असली, तर शिल्लक बरोबर कशी निघावी?

आता अडचण कोठे आहे ती पाहू. वायूंची ओळख पटविण्याचे रसायनज्ञांचे मुख्य साधन म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचा तराजू. रेणूतून एक इलेक्ट्रॉन काढून घेतला, की तो विद्युद्‌भारित होतो. मग त्यास विद्युत्‌शक्तीने ढकलावयाचे आणि ठरावीक अंतर तोडण्यास त्याला किती वेळ लागतो ते मोजावयाचे. हलका रेणू आधी पोहोचतो, जड मागून. कॅसिनी यानावरही रेणूंचा तराजू होता, आणि टायटनच्या पृष्ठभागापासून सुमारे ९५० किलोमीटर उंचीवर त्याने ७८ वजनाचा रेणू तोलला. ७८ म्हणजे सहा कार्बन आणि सहा हायड्रोजन, म्हणजे बेंझीन, असे कोणीही रसायनज्ञ चटकन म्हणेल. परंतु सहा कार्बन आणि सहा हायड्रोजन यांची मांडणी बेंझीनप्रमाणे सहाकोनी कडी करूनच होते असे नाही. पाच कार्बनांची कडी आणि सहावा बाहेर, अशी मांडणी केली की ते फुल्व्हीन होते. कडी न करता सरळ साखळी केली तरी वजन ७८ च. अशा रेणूंना समघटक म्हणतात. तराजूवर ते सारे सारखे.

या ठिकाणी आमच्याच आयुष्यातील एक फजिती सांगितल्यावाचून राहवत नाही. फार वर्षांपूर्वी आम्ही उपनगरातील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीस होतो. नवा मास स्पेक्ट्रोमीटर आला होता आणि तो चालविण्याचा मान आम्हांस मिळाला होता. त्यामुळे तरुण वयात जितका गर्व होणे शक्य आहे, तितका आम्हांस झाला होता. एका पिंपातील द्रवाचा नमुना आमच्याकडे आला. वजन १०६ भरले. पिंपावर पॅराझायलीन लिहिलेले होते, पॅराझायलीनाचे वजन १०६ च असते, म्हणून आम्ही तसा दाखला सही करून दिला. आठ दिवसांनी माल परत आला. आमच्या वरिष्ठांनी आम्हांस एक शब्दही न बोलता त्या द्रवाची एक बाटली आणि खात्रीच्या पॅराझायलीनाची दुसरी बाटली, अशा दोन्ही थंडपेटीत ठेवल्या. तासाभराने काढल्या, तो खात्रीचे पॅराझायलीन बर्फासारखे गोठलेले, आणि आम्ही दाखला दिलेला द्रव पाण्यासारखा हलत होता. तो त्याचा समघटक मेटाझायलीन निघाला. पॅरा गोठते तेरा अंशांवर, मेटा शून्याखाली अठ्ठेचाळीस अंशांवर; उकळतात मात्र दोन्ही एका अंशाच्या आतबाहेर. वजनावरून जे ओळखता आले नाही, ते एका दुसऱ्या लक्षणाने तासाभरात उघड झाले. त्या दिवशी आम्हांस जो धडा मिळाला, त्यापायी एका महिन्याची वेतनवाढ गेली.

वजन सारखे म्हणून पदार्थ एक मानण्यासारखीच चूक आपल्या मंडळात आडनावांच्या बाबतीत वारंवार होते. याच विषयात एक मोठे नाव आहे बिशुन खरे यांचे. कार्ल सेगन यांच्यासमवेत त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात टायटनसारख्या वायूंत विजेचे झोत सोडून नारिंगी-तपकिरी चिकट पदार्थ तयार केला, आणि १९७९ साली त्या दोघांनी त्यास ‘थोलिन’ असे नाव दिले. खरे हे आडनाव ऐकून आपल्या सभागृहात काही माना डोलल्या, हे आम्ही पाहिले. बनारसात मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, तेव्हा समज होणे साहजिक आहे. परंतु खरे हे आडनाव उत्तरेकडे कायस्थांतही चालते, आणि वाराणसीत जन्मलेले हे शास्त्रज्ञ तिकडचेच होत. अक्षरे तीच, वजन तेच, मांडणी निराळी. त्यामुळे त्यांच्या कार्याचे मोल यत्किंचितही उणे होत नाही.

मग मुक्तमूलकांपासून निघणाऱ्या समघटकांना वेगळे ओळखण्यासाठी दुसरे लक्षण कोणते घ्यावे? आमच्या थंडपेटीचा येथे उपयोग नाही. हे पदार्थ इतक्या अल्प प्रमाणात आणि इतक्या अल्प काळासाठी अस्तित्वात असतात, की बाटलीत भरून ठेवण्याची गोष्टच नको. येथे इलेक्ट्रॉन कामास आला. वर सांगितले, की तराजूवर चढविण्यापूर्वी रेणूतून एक इलेक्ट्रॉन काढावा लागतो. तो काढण्यास लागणारी ऊर्जा प्रत्येक रेणूची ठरलेली असते, आणि समघटकांतही ती निरनिराळी असते. तिचे माप इलेक्ट्रॉन-व्होल्ट. सोन्याचे तोळ्यात सांगतात तसे. बेंझीनला ९.२४ लागतात, तर फुल्व्हीनला ८.३६ च पुरतात. तेव्हा ८.३६ च्या वर पण ९.२४ च्या खाली अशा ऊर्जेचा प्रकाश टाकावयाचा. त्या प्रकाशात ७८ वजनाचे काही दिसले, तर ते बेंझीन खास नव्हे. मग ऊर्जा हळूहळू वाढवीत न्यावयाची, ९.२४ ओलांडताच एकदम भर पडली, तर बेंझीनही हजर आहे.

असा प्रकाश कोठून आणावा, हा खरा प्रश्न होता. ठराविक रंगाचा लेसर चालत नाही; ऊर्जा हवी तशी, बारीक बारीक पायऱ्यांनी बदलता आली पाहिजे, आणि ती जंबुपारातीलही अगदी पलीकडची, जी हवेतून जाऊच शकत नाही. ते काम सिंक्रोट्रॉनने केले. यात इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळजवळ वेगाने गोल फिरवितात, आणि वळण घेताना त्यांच्यातून प्रकाश फेकला जातो. गिरणीच्या चाकावर धार लावताना ठिणग्या उडतात तसा. अमेरिकेत बर्कले येथील सिंक्रोट्रॉनवर डेव्हिड ऑसबर्न, क्रेग टाट्‌जेस, स्टीफन लिओन आदी मंडळींनी गेल्या वीस वर्षांत या प्रकारचे प्रयोग केले. त्यांचे यंत्र वर्णन करण्यासारखे आहे.

एक क्वार्ट्‌झ काचेची नळी घेतात. तीत हेलियम वायू मंद वाहत असतो. दाब आपल्या हवेच्या सुमारे दोनशेव्या हिश्श्याइतका. त्यात चिमूटभर दोन पदार्थ सोडतात. एक, ज्यापासून मूलक बनवावयाचा तो. दुसरा, ज्याच्याशी मूलकाने क्रिया करावयाची तो. समजा, एक कार्बन आणि एकच हायड्रोजन यांचा मेथिलिडाइन नावाचा मूलक हवा आहे. त्यासाठी ब्रोमोफॉर्म घेतात, ज्यात त्या एका कार्बनावर आणखी तीन ब्रोमीन असतात. लेसरचा एक झोत नळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आरपार जातो. तो एका सेकंदाच्या काही कोट्यांश भागापुरताच असतो. तेवढ्यात ब्रोमीनांची फारकत होते आणि सबंध नळीभर एकाच क्षणी मूलक जन्मास येतो. तो दुसऱ्या पदार्थावर तुटून पडतो. नळीच्या अंगास सुईच्या अग्राएवढे छिद्र ठेवलेले असते. त्यातून वायूचा झिरपा निर्वात पेटीत सतत येत असतो, आणि तेथे सिंक्रोट्रॉनचा प्रकाश त्यास आडवा छेदतो.

अशा रीतीने प्रत्येक रेणूस तीन प्रश्न विचारले जातात. तुझे वजन किती? तू केव्हा आलास? आणि तुझा इलेक्ट्रॉन किती किमतीला सुटतो? यातील मधला प्रश्न लोक विसरतात, पण आमच्या मते तो फार मोलाचा. लेसर चमकण्यापूर्वीच जो पदार्थ नळीत हजर होता, तो अशुद्धी होय. आणि चमकल्यानंतर बऱ्याच उशिरा जो उगवला, तो पहिल्या क्रियेचा नसून दुसऱ्या-तिसऱ्या क्रियेचा होय. मूलक जसजसा कमी होतो, तसतसा त्याच गतीने जो वाढतो, तेच त्याचे औरस अपत्य. आमच्या तरुणपणच्या यंत्राला यातील पहिलाच प्रश्न विचारता येत असे.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रयोगात मेथिलिडाइनची एथिलिनाशी गाठ घालून दिली. एथिलीन म्हणजे ज्या वायूने केळी पिकतात तो. टायटनवरही तो आहे. निघालेल्या पदार्थाचे वजन ४० भरले, म्हणजे तीन कार्बन आणि चार हायड्रोजन. याचे तीन समघटक संभवतात: अॅलीन, प्रोपाइन आणि तीन कार्बनांची कडी असलेले सायक्लोप्रोपीन. प्रोपाइनचा इलेक्ट्रॉन १०.३६ ला सुटतो, अॅलीनचा ९.६९ ला, तेव्हा या दोघांची वाटणी सोपी. पण सायक्लोप्रोपीनचा ९.६७! वजनही तेच आणि उंबरठाही जवळजवळ तोच. येथे उंबरठ्यापाशी न थांबता पुढची चढण पाहावी लागली. प्रकाशाची ऊर्जा वाढवीत नेली, की प्रत्येक रेणूचा प्रतिसाद आपल्या विशिष्ट वळणाने वर चढतो. एकाच दारातून शिरणारी दोन माणसे जिना मात्र आपापल्या चालीने चढतात, तसे. त्या वळणांची तुलना करून निर्णय लागला: शेकडा सुमारे सत्तर अॅलीन, तीस प्रोपाइन, आणि कडी असलीच तर दहाच्या आत.

हे आकडे ऐकून ज्यांना जांभई आली असेल, त्यांना आम्ही दोष देत नाही. परंतु टायटनवरील गंमत पाहा. प्रोपाइन तेथे व्हॉयेजरलाच दिसले होते. अॅलीन कोणाला दिसेना. कारखान्यात, म्हणजे प्रयोगात, ते सत्तर टक्के निघते, आणि बाजारात त्याचा पत्ता नाही, अशी अवस्था झाली. अखेर २०१९ साली पृथ्वीवरच्या दुर्बिणीतून, अवरक्त प्रकाशाच्या साहाय्याने ते टायटनवर सापडले. प्रोपाइनच्या मानाने कित्येक पट थोडे. कारण असे सांगतात, की तेथे मोकळे फिरणारे हायड्रोजनचे अणू अॅलीनला धक्के देऊन त्याचे प्रोपाइन करून टाकतात. जन्माच्या वेळची वाटणी आणि संसारातली वाटणी निराळी. पहिली ठाऊक नसती, तर दुसरीचा अर्थ कोणालाही लागला नसता.

बेंझीनचीही वाट अशीच उलगडली. तीन कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा प्रोपार्जिल नावाचा एक मूलक आहे. तो इतर मूलकांच्या मानाने पुष्कळ टिकतो. दोन प्रोपार्जिल भेटले, की बेंझीनचे वजन बरोबर भरते. म्हणून कित्येक वर्षे शास्त्रज्ञ म्हणत आले, की बेंझीनचे मूळ येथेच असावे. दोन प्रोपार्जिल एकत्र येऊन खरोखर बेंझीनची कडी करतात, आणि त्याबरोबर फुल्व्हीन व कडी नसलेले दोन समघटकही निघतात, हे समघटकांची निवड करून २०२१ साली दाखविले गेले. मोटारीच्या एंजिनात काजळीचा पहिला दाणा धरतो त्यातही याच भेटीचा मोठा वाटा मानतात. टायटनचा पडदा आणि महामार्गावरच्या मालमोटारीचा धूर यांचे मूळपुरुष असे एकच निघतात.

आता चिटणिसांच्या प्रश्नाकडे वळतो. बोरीवलीच्या पूर्वेस सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे अरण्य आहे; अशा शहराच्या पोटात असे अरण्य जगात विरळा. झाडे प्राणवायू देतात हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. पण पुष्कळ झाडे आणखी एक वायू सोडतात, त्याचे नाव आयसोप्रीन: पाच कार्बन, आठ हायड्रोजन, वजन ६८. बांबू, पिंपळ, निलगिरी ही त्यांपैकी काही. ऊन जितके कडक, तितका तो अधिक, रात्री बंद. सबंध पृथ्वीवरील वनस्पती वर्षाला सुमारे पन्नास कोटी टन आयसोप्रीन हवेत सोडतात. रबराच्या झाडाचा चीक म्हणजे याच घटकाच्या लांब साखळ्या. हवेत आलेले आयसोप्रीन दिवसा तास-दोन तासांहून अधिक टिकत नाही, कारण हायड्रॉक्सिल नावाचा मूलक त्यावर झडप घालतो आणि त्याचाच नवा मूलक बनतो. आणि टायटनवर पडलेला तोच प्रश्न आपल्या दाराशी येऊन उभा राहतो: त्यातून निघते काय?

उत्तर हवेवर अवलंबून आहे. हवेत मोटारींचा नायट्रिक ऑक्साइड भरपूर असेल, तर मेथिल व्हिनिल कीटोन आणि मेथाक्रोलीन हे दोन पदार्थ व फॉर्माल्डिहाइड निघतात, आणि त्या ओघात ओझोन वाढतो, जो जमिनीलगत फुप्फुसांना अपायकारक आहे. हवा निर्मळ असेल, तर निराळेच पदार्थ, हायड्रोपेरॉक्साइड, निघतात, आणि ओझोन त्या मार्गाने वाढत नाही. दुपारी आपल्याकडे वारा समुद्रावरून अरण्याकडे वाहतो. म्हणजे द्रुतगती महामार्गाचा धूर ज्या घटकेस डोंगराकडे सरकतो, नेमक्या त्याच घटकेस झाडे आयसोप्रीन सर्वाधिक सोडीत असतात. २०१५ साली मुंबईत हवेच्या मापनासाठी ‘सफर’ योजनेची केंद्रे उघडली, त्यांत बोरीवलीचेही एक होते. हवा बरी की वाईट हे सांगणारा जो एक आकडा आपल्या हाती येतो, तो उपयुक्त आहे. पण ओझोनात झाडाचा भाग किती आणि चाकाचा किती, हे त्यावरून कळत नाही. ते कळावयास उत्पादनांची ओळख हवी.

येथेही तीच गोम. मेथिल व्हिनिल कीटोन आणि मेथाक्रोलीन समघटक, दोघांचेही वजन ७०. हवेच्या अभ्यासात सर्रास वापरले जाणारे तराजू त्यांना एकत्रच मोजतात. इलेक्ट्रॉनच्या किमतीवरून ते वेगळे होतात, एकाची ९.६५, दुसऱ्याची ९.९२. पण याहून मोठी ठोकर पुढे होती. घनदाट अरण्यांवर मोजमापे घेतली, तेव्हा निर्मळ हवेतही हे दोन पदार्थ अपेक्षेहून अधिक दिसू लागले. २०१४ साली उलगडा झाला. अरण्याच्या हवेत होते ते हायड्रोपेरॉक्साइड. ते यंत्रात शिरून धातूच्या पृष्ठभागास टेकले, की तेथेच मोडून त्याचे हे दोन पदार्थ होत. यंत्र आपल्याच पोटात झालेल्या मालाची नोंद हवेच्या नावावर करीत होते. निर्मळ अरण्याच्या अंगावर धुरकट शहराचे लक्षण चिकटविले जात होते.

१९८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी मोटारींहून झाडेच हवा अधिक बिघडवितात, अशा आशयाचे विधान केले होते आणि त्याची पुष्कळ थट्टा झाली होती. आमच्या मते त्यांची चूक आमच्या पॅराझायलीनच्या दाखल्यासारखीच: अर्धे लक्षण पाहून सही केली. झाड आयसोप्रीन सोडते हे सत्य. पण नायट्रिक ऑक्साइडची साथ नसेल, तर त्यातून तो ओझोन घडत नाही. उद्यानाच्या कडेची झाडे तोडण्याचा विषय कोणत्याही निमित्ताने निघेल, तेव्हा कोणी हा जुना युक्तिवाद पुढे केल्यास आपल्या मंडळींपाशी उत्तर तयार असावे.

हे सारे परदेशातच चालते, असाही समज नको. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात लेसरच्या झोताने वायुरूप रेणू फोडून त्यातून सुटणारे मूलक ओळखण्याचे काम कित्येक वर्षे झाले आहे. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत हवेतील अशा वायूंचे मापन होते. आणि होळकरांच्या इंदुरात, जेथे आपल्यापैकी अनेकांचे सोयरेधायरे आहेत, तेथे १९९९ साली इंडस-१ हा देशातला पहिला सिंक्रोट्रॉन सुरू झाला. तो नेमका जंबुपाराच्या पलीकडचा प्रकाश देण्यासाठीच बांधलेला, आणि त्यावरील काही प्रयोगकक्ष ट्रॉम्बेच्या मंडळींनी उभारले. २००५ साली त्याच्या शेजारी इंडस-२ आला. आपल्या घरची मुले इंदुरास लग्नकार्यासाठी जातात, सराफ्यात खाऊन परत येतात. हे कोणी पाहून आल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

यावरून कार्यकारी मंडळास एक विनंती करतो, आणि ती व्यासपीठावरूनच केलेली बरी. आपल्या शिष्यवृत्त्या अभियांत्रिकी आणि वैद्यक यांतच खर्ची पडतात. रसायन किंवा भौतिकी घेऊन एम. एस्‌सी. करणाऱ्या मुलाचा, विशेषतः मुलीचा, अर्ज आला, की ‘पुढे काय करणार?’ असा प्रश्न विचारला जातो. गतवर्षी असा एक अर्ज परत गेला, हे आम्हांस ठाऊक आहे. त्या बैठकीस आम्हीही उपस्थित होतो आणि गप्प बसलो होतो. यंदापासून एक शिष्यवृत्ती मूलभूत विज्ञानासाठी राखून ठेवावी. तिची पहिल्या वर्षाची रक्कम आम्ही देऊ.

अमेरिकेची नासा संस्था ड्रॅगनफ्लाय नावाचे, पंखे लावून उडणारे यान टायटनकडे पाठविणार आहे. जुलै २०२८ मध्ये ते निघावे आणि २०३४ मध्ये पोहोचावे, अशी योजना आहे. त्यावर रेणूंचा तराजू आहे, आणि तोलण्यापूर्वी समघटकांना वेगळे करण्याची सोयही आहे. आज या सभागृहात मागच्या रांगेत जी मुले खुर्च्यांवर उड्या मारीत आहेत, ती तेव्हा महाविद्यालयात असतील.

पाने मांडल्याची खूण चिटणीस करीत आहेत. सायंकाळी करमणुकीचा कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी आम्ही आमची चार इंचांची दुर्बीण सभागृहाच्या गच्चीवर लावणार आहोत. व्यवस्थापकांची परवानगी घेतली आहे. बोरीवलीच्या धुरकटातूनही शनी सापडतो. त्याच्या कड्याच्या बाजूस, थोड्या अंतरावर, एक अंधुक ठिपका दिसेल, तो टायटन. सोळा दिवसांत तो शनीभोवती एक फेरी पुरी करतो, तेव्हा ज्यांना आज तो डावीकडे दिसेल, त्यांनी पुढच्या आठवड्यात आमच्या घरी यावे, म्हणजे तो उजवीकडे गेलेला दिसेल. मुलांना आधी पाहू द्यावे, आणि नळीला हात लावू नये.